टेकाडामागची भट्टी

ज्योतीची आई मनकर्णाबाई माहेरी राहायला गेल्या, त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या भावाचा, अजिनाथमामाचा, ज्योतीला फोन आला. ज्योती फाउंड्रीत आपल्या टेबलाशी बसली होती. एरवी मामा आधी पावसापाण्याचं विचारायचा. त्या दिवशी त्यानं तेही विचारलं नाही.

"ज्योते, तू एकदा येऊन जा."

"आई बरी आहे ना?"

"तशी बरी हाय. जेवती, शेळ्यांमागं जाती. पन रोज सांजच्याला दोन कप च्या करती. एक आपला, एक भिमाजीदाजींचा. आन् त्यांचा सदरा धुती."

"आप्पांचा सदरा?"

"व्हय. त्यो कामावरचा खाकी. रोज सकाळी धुती, दोरीवर टाकती. आन् सांजच्याला बघावं तर सदरा काळा. खांद्यावर, पाठीवर. जसं काय मानूस अंगात घालून कामाला जाऊन आलाय. तुझी मामी लई भ्यालीय. तू ये, मग बोलू."

ज्योतीनं फोन ठेवला. तिचे वडील भिमाजी जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

भिमाजींनी सगळं आयुष्य याच फाउंड्रीत भट्टीवर काढलं होतं. केडगावच्या मागच्या बाजूला फाउंड्रीची भिंत होती आणि भिंतीला लागून असलेल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दगडी कोळशापासून केलेला कोक जाळून लोखंड वितळवणारी ती उंच, जुनी भट्टी घराच्या मागच्या खिडकीतून दिसायची. तिला हवा पुरवणारा ब्लोअर जुना होता. संध्याकाळी भट्टी बंद करताना तो एकदम थांबायचा नाही. आधी म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा खर्र, खर्र करायचा आणि मग बारीक शीळ घालत शांत व्हायचा. ती शीळ ऐकली की मनकर्णाबाई चहाचं आधण ठेवायच्या. चहा उकळेपर्यंत भिमाजी दारात हजर. डोळ्यांभोवतीची कातडी तेवढी उजळ, बाकी सगळा माणूस काळा. ज्योतीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे संध्याकाळी काळे होऊन येतात.

ती शिकली, पदवीधर झाली आणि त्याच फाउंड्रीच्या ऑफिसात लागली. फाउंड्रीत बिडाचे पाइपांचे जोड तयार व्हायचे, पाण्याच्या नळांचे, गरम पाण्याच्या लाइनींचे. निम्म्याहून जास्त माल युरोपात जायचा. त्या मालाबरोबर जाणारी माहिती भरणं हे ज्योतीचं काम.

मग युरोपानं नवा कायदा आणला. बाहेरून येणाऱ्या लोखंडी मालाबरोबर आता त्याचा धूरही मोजायचा होता. एक टन माल तयार करताना किती कोळसा जळला, हवेत किती कार्बन गेला, ते सांगायचं. धूर जास्त तर तिथं घेणाऱ्याला कर जास्त. गिऱ्हाइकाचं पत्र आलं की आकडा खाली आणा, नाहीतर आम्ही दुसरीकडून माल घेतो. मालक सुनीलसर महिनाभर झोपले नसावेत. शेवटी कर्ज काढून त्यांनी वीजभट्टी बसवली आणि कोकची भट्टी उतरवली. आकडा निम्म्याच्याही खाली आला. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना पेढे वाटले. तो आकडा ज्योतीनं स्वतःच्या हातानं भरला होता.

भिमाजींनी पेढा खाल्ला नाही, खिशात ठेवला. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आन् ही वीज कुठं जळून येती गं?"

"ती यात धरत नाहीत, आप्पा. आपल्या आवारात जे जळतं तेवढंच मोजायचं."

"बरंय," ते म्हणाले.

भट्टीचे तुकडे ट्रेलरवर चढवून नेले तेव्हा सर म्हणाले, भंगारात गेली. भिमाजी गल्लीच्या टोकापर्यंत ट्रेलरमागं चालत गेले. पुढं त्यांना साच्यांची वाळू चाळायच्या कामावर बसवलं, पण त्यांचं मन तिथं रमलं नाही आणि शरीरानंही साथ दिली नाही. छाती आधीपासूनच धरलेली होती. डॉक्टरांनी फोटो दाखवला तर दोन्ही फुप्फुसं ढगाळ आभाळासारखी दिसत होती. पावसाळा संपायच्या आत ते गेले. मनकर्णाबाईंना केडगावच्या घरात राहवेना. मागच्या खिडकीतून मोकळं आभाळ दिसायचं आणि संध्याकाळी शीळ ऐकू यायची नाही. त्या खर्ड्याकडं, भावाच्या वस्तीवर निघून गेल्या.

शनिवारी ज्योती शहरातल्या माळीवाड्याच्या स्टँडवरून जामखेडच्या गाडीत बसली. जामखेडहून दुसरी गाडी आणि पुढं फाट्यावरून चालत वस्ती. ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुडाच्या भिंतीच्या कडेनं दोरी बांधलेली होती. दोरीवर एकच कपडा होता. खाकी सदरा, बाह्या खाली सोडलेला, वाऱ्यानं जरासा हलणारा.

ज्योती जवळ गेली. सदऱ्याच्या खांद्यावर आणि कॉलरच्या मागं काळी बारीक भुकटी बसली होती. तिनं बोट फिरवलं, बोट काळं झालं. मग तिनं ते नाकाशी नेलं. तो चुलीच्या काजळीचा वास नव्हता. भिमाजींना मिठी मारली की यायचा, तो वास होता.

"आली व्हय गं?" मागून आईचा आवाज आला. मनकर्णाबाई वाळल्या होत्या, पण चेहरा शांत होता. इतका शांत चेहरा ज्योतीनं वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. "बस. आत्ता येतीलच."

"कोण येतील, आई?"

मनकर्णाबाई चुलीपुढं बसल्या, पातेलं काढलं, पाणी मोजून ओतलं. पण चूल पेटवली नाही. हातात काडेपेटी धरून कान देऊन बसून राहिल्या. झुंबरबाई, ज्योतीची मामी, शेळ्यांच्या निमित्तानं उठून बाहेर गेली.

सूर्य टेकाडाच्या मागं टेकला. वारा तिकडूनच येत होता. आणि त्या वाऱ्यावर, लांबून, कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. खर्र. खर्र. आणि मग बारीक, लांबत जाणारी शीळ.

मनकर्णाबाईंनी काडी ओढली.

समोर चहा उकळला, आईनं दोन कप भरले, एक दाराच्या आत उंबऱ्याशी ठेवला. ज्योतीला वाटलं, आपण त्या दाराकडं पाहायचं नाही. पाहिलं तर दिसेल. ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि आई हळू आवाजात बोलत राहिली. शेळी गाभण असल्याचं, विहिरीला पाणी कमी झाल्याचं. ती ज्योतीशी बोलत नव्हती.

जेवणं झाल्यावर मामानं ज्योतीला अंगणात बोलावलं.

"त्ये आवाजाचं काय न्हाई," तो म्हणाला. "टेकाडामागं लोखंडाची भट्टी बसवलीय कुनीतरी. दिवाळीच्या आधीपासनं चालू हाय. काजळी तिथलीच. मामीचं पापड बी काळं झालं, जवारीच्या कनसांवर बी बसती. त्ये मला कळतंय. पन अक्काला सांगितलं तर ती म्हनती, भट्टी कुनाची बी असू दे, चालवतंय कोन त्ये मला ठावं हाय."

ज्योतीला हसूही आलं आणि रडूही. "मग तू फोनवर सांगायचं होतंस ना मामा."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" मामा म्हणाला. मग जरा वेळानं, "भट्टीचं वाईट बोलू नगं हां कुनापुढं. वस्तीवरची पोरं हायेत कामाला. मला बी गाडी भरायच्या कामावर घेतो म्हनलेत. औंदा कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं न्हाई म्हनून तुझी मामी खुशीत हाय."

ज्योती अंथरुणावर पडली तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटत होतं. कोकच्या सगळ्या भट्ट्यांना तोच वास येणार. जुने ब्लोअर असेच खोकत असतील. तरी ती शीळ तिच्या कानातून जात नव्हती. लहानपणापासून ऐकलेला आवाज चुकतो का, एवढंच ती स्वतःला विचारत राहिली.

सकाळी ती एकटीच टेकाड चढून गेली. मुरमाड उतार, बोरी-बाभळी, पानांवर काळा थर. वर पोचली तेव्हा पलीकडच्या खोलगटात पत्र्याची शेड दिसली आणि शेडच्या मधोमध छत फोडून वर आलेली भट्टी. ज्योती तिथंच खाली बसली. तिला आणखी जवळ जायची गरज नव्हती. वरच्या पट्ट्यावरचा पोचा, एका बाजूला जरा कललेलं तोंड. ती हीच भट्टी खिडकीतून बघत मोठी झाली होती.

तरी ती खाली उतरली. ब्लोअरच्या नळाला पत्र्याचं ठिगळ होतं, भिमाजींनी मारलेलं. त्याच ठिगळाच्या फटीतून शीळ निघायची.

"ज्योतीताई?"

शेडमधून गोरक्षनाथ बाहेर आला. भिमाजींच्या हाताखाली त्यानं कैक वर्षं काढली होती, त्यांना तो तात्या म्हणायचा. भट्टी उतरवल्यावर तो काम सोडून गेला असं सगळ्यांना सांगितलं होतं. ज्योतीला पाहून त्याचा चेहरा पडला.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. आईनं ओळखली."

शेडच्या कडेला लोखंडी पेट्या रचलेल्या होत्या. ज्योतीनं एका पेटीत हात घातला. खडबडीत, अजून न घासलेला पाइपचा वाकडा जोड. त्यावर उमटलेली अक्षरं तिच्या फाउंड्रीची होती. असे जोड आठवड्यातून दोनदा ट्रकनं केडगावला येतात, तिथं घासून, आटे पाडून, रंग देऊन पेट्यांत भरतात, हे ती पाहत होती. सर म्हणाले होते, ते आपल्या दुसऱ्या युनिटमधून येतात, तिथंही वीजच आहे. ती प्रत्येक वेळी तोच स्वच्छ आकडा भरत आली होती.

"सरांनी सांगितलं हुतं, हापिसात कुनाला बोलू नगं," गोरक्षनाथ म्हणाला. "माजं बी पोट हाय ताई."

"मी तुम्हाला काही म्हणत नाही, गोरखदादा."

तो म्हणाला, "एक सांगू का? हसू नगा. लोखंडाचा रस काढायच्या आधी मी अजून बी आवाज देतो, तात्या, सोडू का? पयल्यापासनं सवय. एकदा घाईत न विचारता भोक पाडलं, तर रस उलटा उडाला." त्यानं पँट वर केली. पोटरीवर गुलाबी, चकाकणारी नवी कातडी होती. "तवापासनं हितली पोरं बी इचारल्याबिगर हात लावत न्हाईत. त्यांनी तात्यांना बघितलं बी न्हाई. तरी इचारत्यात."

"आणि उत्तर येतं?"

गोरक्षनाथानं भट्टीकडं पाहिलं. "उत्तर न्हाई येत. पन थांबा म्हनलेलं कळतं."

परत येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. भट्टी आप्पांचीच आहे, भंगारात गेलीच नाही, इथं आणून लावली. तिला वाटलं होतं आई हादरेल. मनकर्णाबाई शेंगा फोडत होत्या, फोडत राहिल्या.

"मी काय येगळं म्हनत हुते?"

"चल, तुला दाखवते. लांब नाही."

"नगं."

"का?"

मनकर्णाबाईंनी पदरात गोळा झालेली टरफलं झटकली. "गेले आन् त्ये दिसलं न्हाईत, तर?"

आणि त्यांना खोकला आला. साधाच, कोरडा. पण ज्योतीनं हा खोकला या आधी दुसऱ्या माणसाच्या छातीतून ऐकला होता. तो असाच सुरू झाला होता.

सोमवारी ती सरळ सुनीलसरांच्या केबिनमध्ये गेली. सर वाईट माणूस नव्हते. भिमाजींच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता. ज्योतीनं भट्टीचं नाव काढलं तसं त्यांनी दार लावून घेतलं.

"बस, ज्योती. वीजभट्टीतून ऑर्डरच्या निम्मासुद्धा माल निघत नाही. दुसरी बसवायची तर आधीचेच हप्ते फिटले नाहीत. त्या लोकांना धूर नको आहे आणि भावही वाढवून द्यायचा नाही. मग मी धूर ठेवू कुठं?"

"म्हणून माझ्या आईच्या डोक्यावर ठेवलात."

सरांना ते माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. "तुझं आजोळ तिकडं आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर दुसऱ्या कुणाच्या आईच्या डोक्यावर ठेवला असता."

"दोन वर्षं दे मला," सर म्हणाले. "दोन वर्षांत बंद करतो. तुझ्या वडिलांची शपथ."

वडिलांची शपथ त्यांनी घ्यायला नको होती. त्यानंतर ज्योतीला त्या टेबलाशी बसणं कठीण होत गेलं. आकडा भरायला घेतला की तिला पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. वळून पाहिलं तर भिंत आणि कॅलेंडर. पण कोकचा वास असायचा, अगदी मानेजवळ. वातानुकूलित खोलीत, खिडक्या बंद असताना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तिनं एकदा विचारलं, तुला कसला वास येतोय का? ती म्हणाली, नाही. एके दिवशी तिच्या पांढऱ्या ओढणीच्या टोकाला काळा डाग दिसला. कुठंतरी टेकले असेन, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि घरी येऊन ओढणी धुतली. पाणी काळं झालं. तो डाग धुऊन निघेपर्यंत ती मोरीत उभी राहून रडत होती.

फोनवर आईचा खोकला वाढलेला कळत होता. गावातल्या डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं होतं. केडगावला चल म्हटलं की आईचं एकच उत्तर, "आत्ता न्हाई. ह्यांची सुट्टी झाली की बघू."

संक्रांतीनंतर गिऱ्हाइकाच्या वतीनं पुण्याहून एक तपासणीस बाई आल्या. वीजभट्टी पाहिली, मीटर पाहिले, वाळूचे ढीग पाहिले. सगळं नीटनेटकं होतं. सर बाहेर फोन घ्यायला गेले तेव्हा बाईंनी चहाचा कप खाली ठेवत सहज विचारलं, "ओतकाम सगळं इथंच होतं ना?"

साधा प्रश्न होता. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. ज्योतीला मानेपाशी तो वास आला. ती म्हणाली, "नाही. निम्म्याहून जास्त माल खर्ड्याजवळ ओततात. कोकवर. इथून काढलेल्या त्याच भट्टीत."

बाईंनी कप उचलला नाही. "तुम्ही हे मला लिहून द्याल?"

"मी तुम्हाला तिथं घेऊन जाते," ज्योती म्हणाली.

पुढचं फार लवकर घडलं. युरोपातल्या गिऱ्हाइकानं ऑर्डर थांबवली. बंद केली नाही, थांबवली. पण फाउंड्रीतली एक पाळी रिकामी झाली आणि गल्लीतली माणसं ज्योती दिसली की बोलायची थांबायला लागली. सुनीलसर तिच्यावर ओरडले नाहीत. महिन्याचा पगार हातात देऊन म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. मला रोज तुझ्याकडं बघवणार नाही." ती शहरात एका ट्रॅक्टरच्या दुकानात हिशेबाच्या कामाला लागली.

एका सकाळी गोरक्षनाथाचा फोन आला. मागं क्रेनचा आवाज होता.

"ताई, भट्टी उचलली. ट्रेलरवर घातलीय. मी बी चाललोय संगं."

"कुठं नेताय, गोरखदादा?"

"दुसऱ्यानं इकत घेतलीय. कुठं त्ये सांगायचं न्हाई म्हनलेत." मग तो म्हणाला, "ती मला सोडवत न्हाई ताई. कुनीतरी इचारनारं पायजे ना तिला." फोन कट झाला आणि नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

ज्योती वस्तीवर गेली. अजिनाथमामा अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. हंगाम निम्मा होऊन गेला होता, तरी एका मुकादमानं टोळीत जागा दिली होती. ज्योतीला पाहून त्यानं मान हलवली, इतकंच. बोल लावला नाही. ते तिला जास्त लागलं. मामीनं पाणी दिलं आणि आत निघून गेली.

मनकर्णाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. खोकला बराच कमी झाला होता. संध्याकाळ झाली की त्या काडेपेटी घेऊन चुलीपुढं बसत आणि अंधार पडेपर्यंत तशाच बसून राहत. चूल मामी पेटवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आपण होऊनच म्हणाल्या, "चल. आता बघायला काय हरकत न्हाई."

दोघी टेकाड चढल्या. मनकर्णाबाई मधे मधे थांबत होत्या, ज्योतीनं हात पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. खोलगटात शेडचे खांब तेवढे उरले होते. पत्रे नेले होते. जिथं भट्टी होती तिथं काळ्या राखेचा गोल होता आणि आजूबाजूला काचेसारखा थिजलेला कचरा, उन्हात चमकणारा. मनकर्णाबाई त्या गोलाच्या कडेशी बसल्या. आत पाऊल टाकलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "हितं जे लोखंड व्हायचं, त्ये कुठं जायचं?"

"लांब. समुद्रापलीकडं. तिथं फार थंडी असते. घरांत गरम पाणी फिरवायला पाइप लागतात, त्यांचे जोड."

"लोकांच्या घरात?"

"हो. घरात, शाळांत, दवाखान्यांत."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्या राखेकडं बघत होत्या. "मग आता तिकडं कुनाच्या तरी भिंतीत आसतील ह्ये. न्हाईतर त्या गोरखसंगं गेलं आसतील. मला कसं कळायचं?"

"आई, तुझ्या छातीसाठी..."

"ठावं हाय मला." त्या पहिल्यांदा ज्योतीकडं वळल्या. डोळे कोरडे होते. "तू केलंस त्ये बरं का वाईट, मला न्हाई कळत ज्योते. अजिनाथला बी न्हाई कळत. पन आधी मला सांगायला यायचं हुतंस. ह्ये दवाखान्यात जीव सोडून गेले तवा बी मी खाली पानी आनायला गेल्ते. ह्या वक्ताला तरी मी त्यांना जा म्हनले असते."

ज्योती आईच्या शेजारी जमिनीवर बसली. वारा सुटला तशी राख थोडी उडाली आणि दोघींच्या पायांवर येऊन बसली. मनकर्णाबाईंनी ती झटकली नाही.

उन्हं उतरली तेव्हा त्या उठल्या. उतारावर मुरूम निसटत होता. अर्ध्या वाटेवर त्यांचा पाय घसरला आणि त्यांनी ज्योतीचा दंड धरला, घट्ट. वस्ती दिसेपर्यंत तो सोडला नाही. खाली मामाचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं काम चाललं होतं. मनकर्णाबाई पदर खोचून सरळ तिकडं गेल्या आणि झुंबरबाईच्या हातातलं भांड्यांचं गाठोडं घेऊन बांधायला लागल्या.